भितरवारच्या एका गावाची हवा : वीस वर्षांचा कल वाचताना

ग्वाल्हेर जिल्ह्याच्या भितरवार तहसिलीतील एका गावात आमच्या घराण्याची थोडी जमीन आहे. ग्वाल्हेर शहरातील लष्कर या वस्तीत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या अनेक मराठी घरांप्रमाणे आमचेही एक घर शहरात आणि एक गावी असे चालत आले, आणि गावचे घर काकांच्या पश्चात काकूंनी सांभाळले. दोन वर्षांपूर्वी एप्रिलमध्ये मी गावी गेलो असताना काकूंनी गच्चीवर कुरडया वाळत घातल्या होत्या. दुपार उलटल्यावर पश्चिमेच्या शेतांकडून धूर उठला आणि थोड्याच वेळात जळक्या काडाचे काळे, केसासारखे तंतू पांढऱ्या कुरडयांवर उतरू लागले. बोट लावताच त्यांची पूड होई आणि डाग आत मुरे. काकूंनी त्यातली एक कुरडई उचलून माझ्या तळहातावर ठेवली आणि म्हणाल्या, "पूर्वी हे असं नव्हतं रे. आपली हवा खरंच बिघडली, की माझंच वय झालं म्हणून मला तसं वाटतं? तू एवढा भूगोल शिकवतोस, तर हे मला नीट सांग."

प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर देताना जे काही हाती लागले आणि जे लागले नाही, ते या जिल्ह्याच्या ग्रामीण भागापुरते मर्यादित नाही असे वाटल्यामुळे ते सविस्तर लिहीत आहे. गावाचे नाव दिलेले नाही, कारण त्यात कोणाच्या शेतात आग लागते याचा उल्लेख अपरिहार्यपणे येतो, आणि या प्रकरणाचा हेतू कोणावर बोट ठेवण्याचा नाही.

जागा आणि तिचे हंगाम

भितरवार आणि शेजारची डबरा या ग्वाल्हेर शहराच्या दक्षिणेकडील तहसिली. पार्वती नदीवरील हरसी धरणाच्या कालव्यामुळे येथे भात होतो, आणि भातापाठोपाठ रब्बीत गहू. मध्य प्रदेशाचा हा उत्तरेकडचा टोकाचा भाग हवामानाच्या दृष्टीने माळव्याहून वेगळा आहे. गंगेच्या मैदानाच्या दक्षिण काठावर असल्याने हिवाळ्यात मैदानावरचे धुके येथपर्यंत पसरते, आणि मे-जूनमध्ये राजस्थानकडून धुळीचे वारे येतात. डबऱ्याहून ग्वाल्हेरकडे जाताना बिलौआ लागते, जेथे काळ्या दगडाच्या खाणी आणि गिट्टीचे क्रशर आहेत. आग्नेयेला, शंभर किलोमीटरांच्या आत, झाशीजवळ पारीछाचे कोळशावरील वीजकेंद्र आहे. म्हणजे या एका गावावर वर्षभरात पाच-सहा निरनिराळ्या प्रकारचा कचरा हवेतून येतो: धुक्यात अडकलेला सूक्ष्म धूर, गव्हाच्या धसकटांची राख, वाळवंटी धूळ, दगडाची पूड, भाताच्या काडाचा धूर, आणि या सर्वांखाली बाराही महिने घरातल्या चुलीचा धूर. पुढच्या सगळ्या विवेचनाचा पाया हाच आहे की या सहांचे कारण एक नाही, त्यांचा महिना एक नाही, आणि म्हणून त्यांचा कलही एक असण्याचे कारण नाही.

मोजमाप कोठे आहे

देशात हवेच्या मोजमापाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८४ पासून चालू आहे. त्यातील हाताने चालवायच्या केंद्रांवर आठवड्यातून दोन दिवस, दिवसाचे चोवीस तास, हवा गाळणकागदातून ओढून कागदाचे वजन केले जाते, म्हणजे वर्षाकाठी १०४ नोंदी अपेक्षित असतात. अलीकडे दर तासाला आकडा देणारी स्वयंचलित केंद्रे आली. ग्वाल्हेरमध्ये सिटी सेंटर, दीनदयाळ नगर, महाराज बाडा अशा ठिकाणी ती आहेत. यांतले कोणतेही केंद्र भितरवारच्या शेतांत नाही, आणि त्यापूर्वीही कधी नव्हते.

येथे कायद्याच्या भाषेकडे थोडे लक्ष दिले पाहिजे. १९९४ च्या मानकांत औद्योगिक क्षेत्रासाठी एक मर्यादा आणि 'निवासी, ग्रामीण व इतर' क्षेत्रासाठी दुसरी, अधिक कडक मर्यादा होती. नोव्हेंबर २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने ती विभागणी काढून औद्योगिक, निवासी, ग्रामीण सर्वांना एकच मानक लावले: पीएम २.५ (अडीच मायक्रॉनपर्यंतचे सूक्ष्म कण) साठी वार्षिक सरासरी ४० आणि चोवीस तासांची ६० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर, पीएम १० (दहा मायक्रॉनपर्यंतचे कण) साठी अनुक्रमे ६० आणि १००. ग्रामीण भाग मानकाच्या कागदावर पहिल्यापासून आहे. जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला तेव्हा मात्र त्याचे एकक शहर हे ठरले. त्या यादीत ग्वाल्हेर आहे, भितरवार असण्याची सोय त्या रचनेतच नाही. काकूंच्या गच्चीला ४० ची मर्यादा कायद्याने लागू आहे, पण ती पाळली जाते की नाही हे पाहणारे यंत्र नाही. मला हा या प्रकरणातला सर्वांत गंभीर मुद्दा वाटतो.

मग शहराचा आकडा गावाला लावावा काय? पहिल्यांदा मी तेच केले आणि ते चुकले. २०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगातील शहरांची जी आकडेवारी प्रसिद्ध केली, तिच्यात पीएम २.५ च्या १७६ या वार्षिक सरासरीने ग्वाल्हेर जगात दुसरे आले होते. त्या दिवशी लष्करात, दौलतगंजापासून नया बाजारापर्यंत, जो तो हाच आकडा बोलत होता. दोन वर्षांनी, २०१८ मध्ये, पुढची यादी आली तेव्हा पहिल्या चौदांमध्ये ग्वाल्हेर नव्हते. दोन वर्षांत शहराची हवा इतकी निवळावी असे काही घडल्याचे कोणत्याही ग्वाल्हेरवासीयाला सांगता येणार नाही. मोजकीच केंद्रे, त्यांची बदलती जागा, निरनिराळ्या वर्षांची आणि निरनिराळ्या दर्जाची माहिती एकत्र मांडली की असे होते. शहराचा आकडाच जेथे इतका हलतो, तेथे त्याच्या आधाराने पन्नास-साठ किलोमीटर दूरच्या गावाचा वीस वर्षांचा कल सांगणे योग्य ठरणार नाही.

उपग्रह काय पाहतो

गावाजवळ यंत्र नसले तरी गावावरून दररोज यंत्रे जातात. नासाचा टेरा उपग्रह डिसेंबर १९९९ मध्ये आणि अ‍ॅक्वा मे २००२ मध्ये सोडला गेला. त्यांच्यावरील मोडिस हे उपकरण सकाळी साडेदहाच्या आणि दुपारी दीडच्या सुमारास येथील आकाश पाहत आले आहे. सूर्यप्रकाश जमिनीपर्यंत येऊन परत जाताना वाटेतल्या कणांनी तो किती अडवला, याचे माप त्यातून मिळते, आणि ते माप वीस वर्षांहून अधिक काळ एकाच उपकरणाचे असल्यामुळे कल पाहण्यासाठी मोलाचे आहे. हवामानाची प्रतिमाने वापरून त्या मापावरून जमिनीलगतच्या पीएम २.५ चा अंदाज काढतात. इतर उपग्रहांची मापेही जोडून केलेले असे १९९८ पासूनचे, साधारण एक किलोमीटरच्या चौकोनांचे संच आज संशोधकांना खुले आहेत.

पण उपग्रह ढगातून पाहू शकत नाही आणि दाट धुक्यातूनही पाहू शकत नाही. म्हणजे पावसाळ्याचे चार महिने त्याची नोंद विरळ, आणि जानेवारीतील ज्या सकाळी हवा सर्वांत वाईट असते, नेमकी ती सकाळ त्याच्या वहीत कोरी. शिवाय तो जमिनीपासून वरपर्यंतच्या सगळ्या हवेचा एकत्र हिशेब देतो. मे महिन्यात धूळ दोन-तीन किलोमीटर उंच चढलेली असते, तर हिवाळ्यात धूर जमिनीवरच्या काही शे मीटरांत कोंडलेला असतो. वरून पाहिले तर दोन्ही दिवस सारखेच धुरकट दिसतील, श्वासात मात्र हिवाळ्याचा दिवस कितीतरी जड पडेल. उपग्रहाच्या आकड्याला श्वासाचा आकडा समजू नये हे मी वर्गात नेहमी सांगतो, आणि काकूंना सांगताना तर अधिकच जपून सांगावे लागले.

आगींच्या नोंदीही उपग्रहांवरूनच येतात. मोडिसचा ठिपका सुमारे एक किलोमीटरचा, तर २०११ मध्ये सोडलेल्या सुओमी एनपीपी उपग्रहावरील व्हीआयआयआरएस या उपकरणाचा ३७५ मीटरचा. त्यामुळे २०१२ नंतर आगींची संख्या एकाएकी वाढलेली दिसली तर त्यातला काही भाग केवळ डोळा तीक्ष्ण झाल्याचा आहे हे लक्षात ठेवावे लागते, आणि कलाचा हिशेब एकाच उपकरणाच्या नोंदींवर करावा लागतो. याच्या उलट अडचण अशी की दुपारची फेरी होऊन गेल्यावर लावलेली आग निसटते. पंजाब-हरियाणाबाबत, आगी दिवसा उशिरा लावल्या जाऊ लागल्याचे निरीक्षण एकाच जागी स्थिर राहणाऱ्या उपग्रहांच्या प्रतिमांवरून पुढे आले आहे. आमच्या गावातही काड तिसऱ्या प्रहरानंतर पेटवण्याचीच पद्धत आहे, मात्र तिचे कारण उपग्रह नव्हे, तर दुपारचा भणाणता वारा आहे.

वार्षिक सरासरीने काय लपते

कल पाहण्याची रूढ रीत अशी की सर्व वर्षांच्या शक्य तितक्या जोड्या लावायच्या आणि प्रत्येक जोडीत नंतरचे वर्ष आधीच्या वर्षापेक्षा वाईट की चांगले एवढेच पाहायचे. वीस वर्षांच्या अशा १९० जोड्या होतात. निव्वळ योगायोग असेल तर वाईट आणि चांगले साधारण निम्मे-निम्मे पडतील, आणि एका बाजूचे पारडे पुरेसे जड झाले तरच कल आहे असे म्हणायचे. मान आणि केंडॉल यांच्या नावाने ही कसोटी ओळखली जाते, आणि सर्व जोड्यांच्या उतारांतला मधला उतार घेतला की कलाचा वेगही मिळतो. एखाद्या विक्षिप्त वर्षाने ही रीत फारशी बिघडत नाही, हा तिचा गुण.

ही रीत वार्षिक सरासरीवर लावली की या भागाबद्दल फसवे उत्तर मिळते. समजा, मे महिन्याचा आकडा वीस वर्षांत १० ने उतरला आणि डिसेंबरचा १० ने चढला, तर वर्षाची सरासरी जागची हलणार नाही आणि "काही बदल नाही" असा निष्कर्ष निघेल. प्रत्यक्षात दोन मोठे बदल झालेले असतील, तेही उलट दिशांनी. म्हणून जानेवारीची तुलना जानेवारीशी आणि मेची मेशीच झाली पाहिजे. उत्तर भारताबाबत प्रकाशित अभ्यासांतून नेमके असेच चित्र पुढे आले आहे: २००० ते २०१५ या काळात वायव्य भारत आणि गंगेच्या मैदानावरील पावसाळ्यापूर्वीची धूळ घटली, ज्याचा संबंध त्या महिन्यांत वाढलेल्या पावसाशी आणि ओलसर मातीशी लावला जातो, तर त्याच काळात पावसाळ्यानंतरचे आणि हिवाळ्यातले सूक्ष्म कण वाढले. कानपूरच्या आयआयटीत २००१ पासून सूर्यप्रकाशमापक बसवलेला आहे. आमच्यापासून दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर असला तरी त्याच मैदानावरची ती सलग, भरवशाची नोंद आहे.

धूळ कमी होणे आणि धूर वाढणे हे जमाखर्चाने फिटणारे नाही. धुळीचा कण जाड असतो आणि बराचसा नाकाघशातच अडतो, तर धुराचा कण अडीच मायक्रॉनच्याही आतला असल्याने फुप्फुसाच्या तळापर्यंत जातो. वजनाने बरोबरी झाली तरी शरीराच्या दृष्टीने होत नाही.

आणखी एक खबरदारी पर्जन्यमानाची. २००९ हे देशभर मोठ्या अवर्षणाचे वर्ष होते, २०१४ आणि २०१५ मध्येही पाऊस लागोपाठ तुटीचा झाला. कोरड्या वर्षी धूळ उठते, पाणी नसल्याने भाताखालचे क्षेत्र घटते, कण धुऊन नेणाऱ्या सरी कमी पडतात. २००९ पासून हिशेब सुरू करून एखाद्या भरघोस पावसाच्या वर्षी संपवला, तर कोणी काही न करताही हवा सुधारल्याचे दाखवता येईल. सुधारणेची कोणतीही घोषणा वाचताना पहिले वर्ष कोणते धरले आहे ते आधी पाहावे, असे मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो.

नरवाई

गव्हाच्या कापणीनंतर शेतात उभ्या राहणाऱ्या धसकटांना येथे नरवाई म्हणतात. विळ्याने कापणी होत होती तेव्हा पीक जमिनीलगत कापले जाई, मळणीनंतरचा भूसा गुरांना जाई आणि जाळण्याजोगे शेतात फारसे उरत नसे. हार्वेस्टर आल्यावर वरची ओंबी जाते आणि गुडघ्याएवढी धसकटे उभी राहतात. या भागात हा बदल गेल्या पंचवीस वर्षांत झाला, आणि काकूंच्या "पूर्वी असं नव्हतं" यामागे मुख्यतः तोच आहे. गव्हाच्या भुशाला भाव असल्याने अनेक जण हार्वेस्टरमागून भुशाचे यंत्र फिरवून काही भाग गोळा करतात, तरी बुंधा उरतोच. भाताच्या काडाची गोष्ट त्याहून अवघड. त्यात सिलिकाचे प्रमाण जास्त असल्याने गुरे ते आवडीने खात नाहीत, आणि भात कापल्यापासून गहू पेरेपर्यंत हाती तीनेक आठवडेच असतात. एक टन भाताचे काड जाळले तर सुमारे ३ किलो सूक्ष्म कण, ६० किलो कार्बन मोनॉक्साइड आणि १,४६० किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, असा हिशेब संशोधनात वारंवार दिला जातो.

काड जाळण्याची चर्चा निघाली की बोट पंजाबकडे जाते. पण भारतीय कृषी संशोधन संस्थेच्या उपग्रह-निरीक्षणांनुसार २०२४ च्या भाताच्या हंगामात मध्य प्रदेशातील आगींची संख्या पंजाबपेक्षा अधिक होती. नियम नाहीत असेही नाही. डिसेंबर २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने दोन एकरांखालील शेतकऱ्याला २,५००, दोन ते पाच एकरांना ५,००० आणि त्यावरील शेतकऱ्याला १५,००० रुपये भरपाई ठरवली. राज्याने २०१७ मध्ये हवा कायद्याखाली बंदी घातली, आणि १ मे २०२५ पासून नरवाई जाळणाऱ्याला मुख्यमंत्री किसान कल्याण योजनेचा लाभ व एक वर्ष हमीभावाची खरेदी नाकारण्याचा निर्णय झाला. मला या दंडाच्या चढत्या भाजणीपेक्षा शेजारच्या शेतकऱ्याचे म्हणणे अधिक विचार करण्यासारखे वाटले. तो म्हणाला, "भैय्या, यंत्र वेळेवर मिळालं तर कोण जाळेल? आग लावायला मला तरी कुठे आवडते? गेल्या साली माझ्याच बाभळी जळाल्या." यंत्र भाड्याने मिळण्याची पाळी त्याच्यापर्यंत येईतो पेरणीचा दिवस निघून जातो. जेथे अडचण दिवसांची आहे, तेथे दंडाची रक्कम कितीही वाढवली तरी त्याचे दिवस वाढत नाहीत.

स्वयंपाकघर आणि बंब

वरून पाहणाऱ्या उपग्रहाला आणि शहरातल्या केंद्राला जे कधीच दिसणार नाही ते घराच्या आत आहे. मे २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशाच्या ग्रामीण भागात स्वच्छ इंधनावर स्वयंपाक करणारी घरे २०१५-१६ मधील २४ टक्क्यांवरून २०१९-२१ मध्ये ४३.२ टक्क्यांवर गेली. गेल्या वीस वर्षांत ग्रामीण बायकांच्या श्वासात झालेला सर्वांत मोठा चांगला बदल मी हाच मानतो, आणि तो कोणत्याही हवा-निर्देशांकात उमटत नाही. तरी गॅस आला म्हणजे चूल गेली असे नव्हे. काकूंकडे दोन्ही आहेत. भाजी आणि चहा गॅसवर होतो, बाटी गोवऱ्यांवरच भाजली जाते, आणि थंडीत अंघोळीचे पाणी आजोबांच्या वेळच्या तांब्याच्या बंबात तापते. बंबाच्या नळीत लाकडाच्या ढलप्या आणि कणसांची बुरकुंडे घालून फुंकणीने फुंकताना काकूंचा चेहरा धुरापासून हातभरही दूर नसतो.

मी शहरातून लेझरवर चालणारे एक स्वस्त मोजयंत्र नेले होते. पहिल्याच जानेवारीत त्याने मला चकवले. दाट धुक्याच्या सकाळी गच्चीवर त्याचा आकडा इतका चढला की मी घाबरून शहरात फोन केला. नंतर लक्षात आले की हे यंत्र कणांमुळे विखुरणारा प्रकाश मोजते आणि ओल शोषून फुगलेल्या कणाला ते मोठा कण समजते. प्रमाणित केंद्रात हवा आधी कोरडी केली जाते, येथे ती सोय नव्हती. त्यामुळे धुक्याच्या सकाळचे सगळे आकडे मी खोडून टाकले. पण तेच यंत्र कोरड्या दुपारी बंबाजवळच्या कोनाड्यात ठेवले, तेव्हा पहिली ढलपी पेटताच आकडा गच्चीवरच्या आकड्याच्या कित्येक पटींनी चढला आणि बंब विझल्यावरही बराच वेळ खाली येईना. काकू ते पाहत शेजारीच उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी त्यांनी बंब उचलवून परसातल्या उघड्या पडवीत ठेवला.

कालनिर्णयाच्या मागची बाजू

याच सुमारास काकूंनी एक गठ्ठा माझ्यापुढे आणून टाकला. जुनी कालनिर्णये. दूध किती, धोबी कधी, सिलिंडर कधी लावला हे त्या तारखेच्या चौकोनात लिहीत, तसेच वाळवणाचेही: "कुरडया घातल्या", "पापड, अर्धे काढले, राख", "धुकं, देवळाचा कळस दिसला नाही". मधली काही वर्षे गहाळ होती, तरी जवळजवळ दोन दशकांच्या नोंदी होत्या. मला मोजमापाचे एवढे शिक्षण असून हे विचारावेसे सुचले नव्हते.

या नोंदींना पुरावा म्हणून किती वजन द्यायचे याचा मी बराच विचार केला. काकू त्रास झाला तरच लिहीत. न लिहिलेला दिवस स्वच्छ होता असे त्यातून ठरत नाही. वाळवण नसलेल्या दिवशी राख पडली तरी नोंद नाही. घर शेतांच्या पूर्वेला असल्याने एप्रिलच्या पश्चिमवाऱ्यात राख थेट येते, वारा फिरला की येत नाही. एवढ्या मर्यादा मान्य करूनही एक गोष्ट त्यांत निर्विवाद होती. आरंभीच्या वर्षांत कुरडया-पापड रामनवमीनंतर, ऐन एप्रिलात पडत. पुढे ते पुढेमागे होऊ लागले, आणि अलीकडच्या सर्व वर्षांत होळी झाली की मार्चमध्येच उरकून घेतलेले दिसतात. ज्या एप्रिलात राखेने डागलेल्या त्या कुरडया मी पाहिल्या, त्या वर्षी घरातल्या आजारपणामुळे वाळवण लांबले होते, एवढेच. एका गृहिणीने कोणाला न सांगता आपले वाळवण महिनाभर अलीकडे आणले होते. हवा बिघडल्याचे याहून विश्वासार्ह मोजमाप मला त्या गावात दुसरे मिळाले नाही, कारण ते मोजण्यासाठी केलेलेच नव्हते.

काकूंना दिलेले उत्तर

सर्व एकत्र मांडल्यावर मी त्यांना जे सांगितले ते असे. एप्रिलचा त्रास खरा आहे, तुमच्या वयाचा नाही, आणि तो हार्वेस्टरच्या मागून आला आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि हिवाळ्यातला धूर २००० नंतरच्या दशकात वाढत गेला, त्यातला काही गावचा आहे आणि बराचसा मैदानावरून, वाहनांतून, भट्ट्यांतून, वीजकेंद्रांतून येणारा आहे. मे महिन्यातली धूळ मात्र पूर्वीपेक्षा वाईट झाल्याचा पुरावा नाही, उलट ती काहीशी घटलेली आहे. पावसाळ्याबद्दल मी काहीही सांगू शकत नाही. आणि तुमच्या स्वतःच्या श्वासापुरते बोलायचे तर गॅस आल्यापासून वर्षाचा हिशेब सुधारला असण्याची शक्यता मोठी आहे, बंबाचे तीन महिने सोडून.

त्यावर त्यांनी विचारले, "म्हणजे चांगली झाली की वाईट?" एका शब्दाचे उत्तर मी दिले नाही. ते दिले असते तर चुकीचे ठरले असते.

पुढचे काम दोन दिशांनी चालू आहे. तहसिलीच्या ठिकाणी, बाजारापासून आणि क्रशरच्या रस्त्यापासून दूर, निदान एक हाताने चालवायचे केंद्र असावे असा अर्ज ग्रामपंचायतीच्या ठरावासह दिला आहे. वर्षाला १०४ दिवसांची नोंद दहा वर्षे सलग मिळाली तरी पुढच्या माणसाला कालनिर्णयावर विसंबावे लागणार नाही. स्वस्त यंत्र शहरातील प्रमाणित केंद्राशेजारी एक हिवाळा आणि एक उन्हाळा ठेवून ताडून पाहण्याची परवानगीही मागितली आहे. त्याशिवाय त्याचे आकडे कोणाला दाखवण्यात अर्थ नाही.

दुसरी दिशा काकूंची. यंदाच्या कालनिर्णयात दर दिवशी, त्रास होवो न होवो, चार गोष्टी लिहायच्या असे आम्ही ठरवले: राख, धुके, धुळीचा वारा, बंब. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मी गेलो तेव्हा चौकोन भरलेले होते. एका दिवशी शेजारच्या शिवारात आग लागल्याचे मला आधीच कळले होते, म्हणून तो चौकोन मी मुद्दाम पाहिला. तेथे त्यांच्या बारीक अक्षरात लिहिले होते, "राख नाही. वारा पूर्वेचा." वाऱ्याची दिशा लिहायला मी त्यांना सांगितलेले नव्हते.